खिरापत ओळखणारी मुलगी



ज्या ग्रंथपाल बाईंच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथं रत्नागिरीत जमतो, त्यांची माझ्या मनातली पहिली आठवण एका पितळी डब्याची आहे. नवरात्र होतं. वाचनालयाच्या मागच्या अंगणात भोंडला मांडला होता. पाटावर हत्ती आणि भोवती आम्ही दहा-बारा मुली. गाणी संपली, खिरापत ओळखायची वेळ आली, आणि बाई डबा घेऊन बाहेर आल्या. आमचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं की भाजलेलं? बाई प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी डबा आमच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाजवून बघा." वाजवला, तर लाडवांचा गडगडाट नाही की चिवड्याची सळसळ नाही. एकच जड, चौकोनी धप्प. मग एकीनं झाकणाच्या फटीला नाक लावलं आणि ती ओरडली, "खळ! बाइंडिंगची खळ!"

डब्यात पुस्तक होतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. ते मी दोन दिवसांत वाचून परत केलं आणि विचारलं, "बाई, असंच, पण मुलीचं आहे का?" बाई कपाटाकडे बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शोधून ठेवते."

त्या शोधत राहिल्या. पुढं मी कॉलेजात गेले, लग्न झालं, देशाबाहेर गेले; सुट्टीत आले की भेटायला जायची आणि बाई दारातच सांगायच्या, "तुझं ते पुस्तक अजून नाही गं मिळालं." आज मी त्या न मिळालेल्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे. जुन्या काळात घडणारी रहस्यकथा, वाचणारी किशोरवयीन, आणि शोध घेणारी तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आणि त्यासाठी मी तुम्हाला समुद्रापलीकडे कतीफला नेणार आहे, कारण ते पुस्तक कसं असावं हे मला तिथं कळलं.

कतीफचं नाव घेतल्यावर काही माना हलल्या, त्या मी पाहिल्या. आपल्याकडच्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी दम्मामला, जुबैलला, अल-खोबरला आहे. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, कफील म्हणजे तिथला हमीदार मालक, हे शब्द इथल्या आजींनाही ठाऊक आहेत. कतीफ हे त्या सगळ्या नव्या शहरांच्या शेजारचं फार जुनं गाव. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरचं खजुरीच्या बागांचं गाव. समोर तारूत नावाचं बेट आणि बेटाच्या दक्षिण टोकाला दारीन हे जुनं बंदर. आम्ही तिथं आठ वर्षं राहिलो. माझी मुलगी तिथंच बाराची झाली, तेराची झाली.

पहिला प्रश्न घेऊ. शोध घ्यायला मुलगीच का?

मुलगी चालते तिथं मुलगाही चालेल, असं म्हणणारे भले लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. शोध घेण्यासाठी दोन गोष्टी लागतात. आत जाता आलं पाहिजे, आणि आत गेल्यावर आपल्याकडे कुणाचं लक्ष जाता कामा नये. जुन्या काळातल्या घरात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधत. पोलीस ओसरीवर थांबायचा. पाहुणा पुरुष फार तर पडवीपर्यंत. चौदा वर्षांची मुलगी मात्र थेट माजघरात, स्वयंपाकघरात, बाळंतिणीच्या खोलीत, कोठीत. आणि तिच्यासमोर मोठी माणसं बोलत राहतात, कारण ती कुणाच्या खिजगणतीतच नसते. आपल्याला कुणी मोजत नाही हे दुःख आहेच. पण शोध घेणारीला ते वरदानासारखं उपयोगी पडतं. या कथांचं सगळं बळ त्या एका उलटापालटीत आहे.

हे कतीफमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं. तिथं शाबान महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा रमजानच्या मध्यावर मुलांचा एक सण असतो. नासफा म्हणतात त्याला. आखातात इतरत्र गिरगियान म्हणतात. मुली जरीचं बुखनुक डोक्यावरून घेतात, गळ्यात कापडी पिशवी अडकवतात आणि घरोघर गाणी म्हणत हिंडतात. प्रत्येक दार उघडं. प्रत्येक दारात मूठमूठ शेंगदाणे, अक्रोड, गोळ्या, चॉकलेटं. पहिल्या वर्षी माझी मुलगी शेजारच्या मुलींबरोबर गेली, दोन तासांनी परत आली, पिशवी जमिनीवर ओतली आणि सांगायला लागली. "आई, कोपऱ्यावरच्या घरी बहारीनहून पाहुणे आलेत, कारण तिथं जी मिठाई दिली ती इथल्या दुकानात मिळत नाही, आणि दारात चपलांचे चौदा जोड होते. त्याच्या पलीकडच्या घरी कुणीतरी आजारी आहे. आजींनी दार उघडलं, पण सगळ्यांना हळू गायला सांगितलं, आणि त्यांच्या हाताला औषधाचा वास होता. आणि तिसऱ्या घरी लवकरच लग्न आहे." मी विचारलं, "ते कशावरून?" म्हणाली, "तीन बायका एकदम बोलत होत्या आणि मला बघून गप्प झाल्या, पण हसत होत्या."

रसिकहो, मी ती पिशवी बघितली आणि मला बाईंचा डबा आठवला. आपल्याकडं भोंडल्याच्या मुली घरोघर जातात, तिथंही मुली जातात. आपल्याकडं बंद डब्याचा वास, आवाज, वजन यांवरून आत काय आहे ते ओळखतात. पुराव्यावरून अनुमान करण्याचं शिक्षण महाराष्ट्राच्या मुलींना पिढ्यान् पिढ्या मिळत आलं आहे. त्याला कुणी शिक्षण म्हटलं नाही, आणि त्या शिक्षणावर कुणी कादंबरी लिहिली नाही.

जगात लिहिल्या गेल्या. अमेरिकेत १९३० साली नॅन्सी ड्रू आली. ती तिच्या काळाची होती, ऐतिहासिक नव्हती. आज वाचताना आपल्याला ती जुनी वाटते, एवढंच. इतिहासात मागं जाऊन मुलीला शोधाला लावणारे लेखक नंतरचे. फिलिप पुलमन यांनी १९८५ साली सॅली लॉकहार्ट आणली. लंडन, १८७२, वय सोळा. शिवणटिपण, गाणंबजावणं यांत ती अगदी कच्ची, पण जमाखर्च तिला चोख येतो. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, पुढं मी त्याच्याकडं परत येणार आहे. मग नॅन्सी स्प्रिंगर यांची एनोला होम्स, शेरलॉकची चौदा वर्षांची धाकटी बहीण. रॉबिन स्टीव्हन्स यांच्या डेझी आणि हेझल, १९३०च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या मुलींच्या वसतिशाळेत. त्यातली हेझल हाँगकाँगहून आलेली, म्हणजे परक्या ठिकाणी राहणारी, आणि गोष्ट तीच सांगते. आपल्या देशात हरिणी नागेंद्र यांनी १९२१च्या बंगळूरमध्ये एकोणीस वर्षांची कावेरी उभी केली. ती साडी नेसून, गणितं सोडवत खुनाचा छडा लावते. बंगालीत तर उपेंद्रकिशोर रायचौधुरींची नात नलिनी दास यांनी कितीतरी आधी ‘संदेश’ मासिकात वसतिगृहातल्या चार मुलींची गोएंदा गंडालू ही टोळी लिहिली.

आणि अरबीत? इजिप्तचे महमूद सालेम यांनी १९६८च्या सुमारास पाच साहसी मुलांची मालिका सुरू केली. इंग्रजीतल्या एनिड ब्लायटनच्या साच्यावर बेतलेली, पण कैरोच्या माआदी भागात रुजवलेली. ती सगळ्या अरब जगात वाचली गेली. त्या पाचांत सगळ्यात लहान आहे लोझा. कोड्यांची वेडी, आणि कोडं सुटेपर्यंत झोप न येणारी. लोझा म्हणजे बदाम. कतीफमध्ये झऱ्यावर बांधलेलं एक जुनं स्नानगृह आहे, त्याचं नाव अबू लोझा. त्याच्यावरून जाताना माझी मुलगी दर वेळी म्हणायची, "लोझाच्या बाबांचं घर." शेजारच्या मुलींनी तिला ती पुस्तकं दाखवली होती, आणि अरबी अक्षरं लागू लागल्यावर तिनं बोट ठेवून ठेवून एक पुस्तक वाचलं होतं. तिनं मला विचारलं, "आपल्याकडं लोझा कोण आहे?"

तेच. कपाटासमोरचं तेच.

मराठीत रहस्यकथेचा दुष्काळ कधीच नव्हता. बाबूराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळापहाड यांना घेऊन हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. गिरणगावापासून गावखेड्यापर्यंत माणसं त्यांच्यामुळं वाचायला लागली. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवला आणि पिढ्या त्याच्यामागं धावल्या. मी त्या दोघांची ऋणी आहे. पण धावणारा मुलगा होता आणि दार उघडणारी मुलगी होती. इतकंच राहून गेलं.

हे राहून गेलं याचं मला वाईट वाटतं, कारण मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी बघणाऱ्या, विचारणाऱ्या मुलींपासून झाली आहे. १८५७ सालचं बाबा पद्मनजींचं ‘यमुनापर्यटन’ आठवा. यमुना प्रवासाला निघते आणि जागोजागी विधवांची हकिगत ऐकत, बघत जाते. धर्मप्रचाराचा भाग बाजूला ठेवून बघा. ही तपासाची यात्रा आहे. साक्षीदारामागून साक्षीदार. पुढं १८९०पासून ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांचं ‘पण लक्षांत कोण घेतो!’ येऊ लागलं. तिथली यमू लहानपणापासूनचं सगळं स्वतः सांगते, घरात कोण कुणाला काय बोललं ते. तिच्यासारखी चौकस नजर त्या काळच्या कुठल्या नायकाला आहे? त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तिनं विचारलेले प्रश्न असे आहेत की उलटतपासणीला उभ्या केलेल्या समाजाला उत्तर देता येऊ नये. चौदा वर्षांची! आणि आपण म्हणतो की त्या काळची चौदा वर्षांची मुलगी असा शोध घेईल हे खरं वाटत नाही.

खऱ्या आयुष्यातली साक्ष हवी असेल तर तीही मराठीच आहे. रजनी पंडित या आपल्याकडच्या पहिल्या स्त्री खाजगी गुप्तहेर म्हणून ओळखल्या जातात. वडील पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण खात्यात. कॉलेजात असताना वर्गातल्या एका मुलीचं वागणं बदललेलं त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी माग काढला आणि तिच्या घरच्यांना सावध केलं. संस्था, कार्यालय, नाव हे सगळं नंतर आलं. आधी आली ती शेजारच्या बाकावरच्या मुलीकडं बघणारी नजर.

आता दुसरा प्रश्न. इतिहास कशाला? आजच्या मुलीची आजची गोष्ट का नको?

जरूर असावी. पण जुन्या काळात एक रहस्य असं आहे की त्याला कुणी गुन्हा मानलेलंच नाही. नावं गेली कुठं, हे ते रहस्य. कतीफच्या वायव्येला वाळवंटात थाज नावाचं प्राचीन शहर आहे. १९९८ साली तिथं एक कबर सापडली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. आत एक लहान मुलगी होती. चेहऱ्यावर सोन्याचा पातळ मुखवटा, सोन्याचा हातमोजा, गळ्यात माणकं-मोत्यांच्या माळा. तिचे दागिने नंतर जगभरच्या संग्रहालयांतून हिंडले, लोक रांगा लावून बघायला गेले. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. कुणाची मुलगी, कशानं गेली, तिच्यासाठी एवढं सोनं कुणी दिलं, आणि देताना कोण रडलं, यातलं काहीही नाही. मुखवटा आहे, चेहरा नाही. माझ्या मुलीनं त्याचं छायाचित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो सोन्याच्या वजनाचा नव्हता. तिनं विचारलं, "तिला हाक काय मारायचे?"

उत्खनन करणारे विद्वान हा प्रश्न विचारत नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांना उत्तर सापडलं तरच ते लिहिता येतं. कादंबरी मात्र त्या प्रश्नापाशी मुक्काम करू शकते. इतिहास बव्हंशी ओसरीवर बसून लिहिला गेला. तह, लढाया, जमीनमहसूल. माजघरात काय चाललं होतं ते कागदावर आलं तर हिशेबात आलं, मृत्युपत्रात आलं, नाहीतर भांडणात आलं. या कागदांच्या फटीतून आत शिरायला जी वाचक शिकेल, ती शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकाकडंही वेगळ्या नजरेनं बघेल.

म्हणून सॅली लॉकहार्टचा जमाखर्च मला मोलाचा वाटतो. खरा पुरावा तलवारीवरच्या रक्तात क्वचित असतो. हिशेबवहीत हमखास असतो. आणि कतीफ-दारीन हा तर हिशेबवहीचाच मुलूख.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या मते खजिना इथं आहे. तेल निघण्याआधी, म्हणजे १९३८ साली दहरानजवळच्या सात नंबरच्या विहिरीनं सौदीचं नशीब बदलण्याआधी, या किनाऱ्याचं जगणं खजुरावर आणि मोत्यांवर होतं. उन्हाळ्याचे चार महिने बोटी मोत्यांच्या शिंपल्यांवर जायच्या. बोटीचा प्रमुख नाखुदा. आपला नाखवा तोच, शब्दही तोच! पाणबुड्या नाकाला चाप लावून, पायात दगड अडकवून तळाशी जायचा; वर दोरी धरून बसलेला साइब त्याला ओढून घ्यायचा. दम राखायला आणि हात चालायला एक गाणारा असायचा, नह्हाम. मोसमाच्या सुरुवातीला पाणबुड्याला घरखर्चासाठी उचल मिळायची. मोसम बुडाला तर उचल फिटायची नाही, कर्ज पुढच्या वर्षीवर जायचं, आणि माणूस मेला तर मुलाच्या किंवा भावाच्या डोक्यावर. वही नाखुदाकडं. पाणबुड्याला वाचता यायचं नाही. बहारीनमध्ये १९२०च्या दशकात प्रत्येक पाणबुड्याला त्याची स्वतःची हिशेबवही मिळावी असा नियम करावा लागला, यावरून आधी काय चालत असेल ते समजा.

आणि हे मोती जायचे कुठं? मुंबईला. मोतीबाजारात, झवेरीबाजारात. आखातातले व्यापारी मुंबईत घरं करून राहायचे; कतीफच्या बाजारात हिंदुस्थानी रुपया चालायचा. मोत्यांचं मोल ठरवायचं माप चव, हे तिथंही होतं आणि इथंही. मोती निवडायला पितळी चाळण्या असत, एकीपेक्षा एकीची भोकं बारीक. वर राहिले ते रास, म्हणजे डोकं. मधले बतन, पोट. खाली उतरले ते धैल, शेपूट. आमच्या शेजारच्या आजींकडं अशी एक चाळणी होती, वडिलांची. त्या तिच्यात आता वेलची ठेवायच्या. त्यांनी ती माझ्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "डोळे मिट आणि बोटांनी सांग, कुठल्या नंबरची." बोटांनी ओळखायचं! मी तिथं उभी होते. बाई गेल्याला तेव्हा दोनच महिने झाले होते.

आता काळ निवडा. माझी निवड डिसेंबर १९१५. पहिलं महायुद्ध चालू आहे. दोनच वर्षांपूर्वी इब्न सौद यांनी तुर्कांकडून अल-हसा आणि कतीफ घेतलं आहे. २६ डिसेंबरला तारूत बेटावरच्या दारीनमध्ये इब्न सौद आणि इंग्रजांचे सर पर्सी कॉक्स तहावर सह्या करतात. इतिहासाच्या पुस्तकांत तो दारीनचा तह म्हणून आहे. त्या दिवशी त्या चिमुकल्या बंदरात किती माणसं आली असतील! किती चुली पेटल्या असतील, किती घरांतल्या बायकांनी रात्रभर भाकऱ्या भाजल्या असतील! तहाच्या कागदात त्यातलं काही नाही. तिथं दोन मुली असू द्या. एक दारीनची, मोत्याच्या व्यापाऱ्याच्या घरातली. दुसरी मराठी. मुंबईच्या मोतीबाजारातल्या दलालाच्या कारकुनाची आईवेगळी मुलगी, बापाबरोबर आलेली. बापानं तिला मोडी शिकवलेली. दारीनमध्ये मोडी वाचणारं दुसरं कुणी नाही, म्हणजे ती सांकेतिक लिपीच झाली. एक मुलगी प्रत्येक घराचं माजघर ओळखते, दुसरी वही वाचते. आणि वहीत एका पाणबुड्याच्या नावावर उचल लिहिली आहे, तो मेल्यानंतरच्या तारखेची.

कोकणातल्या श्रोत्यांना मी आणखी एक गोष्ट सांगते, ती तुम्हालाच खरी कळेल. तेव्हा कतीफ आणि तारूत यांच्यामध्ये पूल नव्हता. माणसं ओहोटीला गाढवावर बसून उथळ पाण्यातून पलीकडं जात. मग एखादा संशयित म्हणाला, "मी त्या रात्री अमुक वेळी कतीफला परतलो," तर तो खरं बोलतो की खोटं हे कशानं ठरेल? भरती-ओहोटीनं! आपल्या मराठी मुलीला आजोळी, इथं रत्नागिरीत, तिथीवरून भरतीची वेळ काढायला शिकवलेलं आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झालेत, ती झटकन गणित मांडते आणि निरपराध माणसाला खोटं ठरवते. मग दारीनची मुलगी तिला थांबवते. "तुझ्या समुद्राचं गणित आमच्या खाडीला लागू नाही. इथलं पाणी वेगळ्या वेळी चढतं." दोघींना चांद्रमास येतो, एकीला शाबान-सफर, दुसरीला मार्गशीर्ष-पौष, चंद्र एकच, पाणी मात्र जागोजागचं. रहस्यकथेतली चूक इतकी खरी आणि इतकी सुंदर असू शकते.

दूर जायचं नसेल तर इथंच बघा. त्याच डिसेंबरात आपल्या टेकडीवरच्या राजवाड्यात ब्रह्मदेशाचा थिबा राजा शेवटचं वर्ष काढत होता; १९१६ साली तो गेला. मंडालेहून निघताना इंग्रज अधिकारी स्लेडन यानं आपलं प्रसिद्ध माणिक नेलं, अशी त्याची तक्रार होती. ते माणिक आजवर सापडलेलं नाही. त्याच्या घरी चार राजकन्या वाढल्या. सगळ्यात धाकटी जन्मली १८८७ साली, रत्नागिरीत. म्हणजे १९०० साली या गावात तेरा वर्षांची एक राजकन्या होती, कडक पहाऱ्यात, आणि तिच्या घरातलं माणिक हरवलेलं होतं. आपल्या पाखाडीतली भाजी नेऊन देणारी एखादी मुलगी त्या फाटकातून आत जात असेलच ना? थिबाचे कागद मुंबई सरकारच्या दफ्तरात आहेत. आखातातल्या इंग्रज रेसिडेंटचा कारभारही १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडंच होता. त्याचे जुने कागदही त्याच शहरात. मराठी लेखकाला हे साहित्य मिळवायला विमानात बसावं लागत नाही, काळा घोड्याला उतरावं लागतं.

लिहिणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी कळकळीनं सांगते. आजच्या मुलीचं डोकं काढून १९१५च्या मुलीच्या खांद्यावर बसवू नका. तिला राग यावा, पण तिच्या काळातल्या शब्दांत यावा. सौदीत मुलींच्या सरकारी शाळा १९६० साली सुरू झाल्या. त्याआधीची दारीनची मुलगी कुराण शिकवणाऱ्या मुअल्लिमाकडं चार अक्षरं गिरवणारी असेल. तेवढ्या अक्षरांत तिचं सगळं तेज दिसलं पाहिजे. तिला पुरुषाचा वेष देऊन पळवूही नका. ती पळाली की तिची जागाच गेली, माजघर सुटलं, आणि मग तिच्यात आणि फास्टर फेणेत फरक उरला नाही. आणि कृपा करून अरबांच्या घराचं ते चित्रपटांतलं भडक रूप आणू नका, पडदे, धूप आणि कैदेतल्या बायका. मी आठ वर्षं त्या घरांच्या स्वयंपाकघरांत बसले आहे. तिथं बायका मासळी साफ करतात, भावावर चिडतात, परीक्षेच्या काळात मुलांना ओरडतात, आणि आपल्या आजीचं नाव विचारलं तर अभिमानानं सांगतात.

शिवाय शोधाची किंमत मुलीनं मोजलेली दिसली पाहिजे. नॅन्सी ड्रू प्रत्येक वेळी सुखरूप घरी येते. यमूच्या वाट्याला काय आलं ते आठवा. जी मुलगी बघते, तिला बघितलेलं विसरता येत नाही. शेवटी वहीतलं खोटं उघड झालं, तर ते लिहिणारा हात कदाचित तिच्याच बापाचा निघेल. त्या पानावर वाचणाऱ्या मुलीनं पुस्तक छातीशी धरून बसावं, असं ते लिहिलं गेलं पाहिजे.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी तिनं शंभर पानी वहीत हीच गोष्ट लिहायला घेतली, मराठीत. मी व्याख्यानाचा विषय सांगितला तेव्हा म्हणाली, "आई, सगळं सांगून टाकू नकोस." म्हणून वही कुणाची, उचल कुणी घेतली, हे मी सांगणार नाही. तिसऱ्या प्रकरणापाशी ती अडली होती. दोघी मुली रात्री दारीनच्या व्यापाऱ्याच्या घरासमोर उभ्या आहेत. दार केवढं, कडी कुठं, आवाज होईल का? तिनं कतीफच्या मैत्रिणीला निरोप पाठवला, मैत्रिणीनं आजीला विचारलं, आणि परवा उत्तर आलं. मोठं दार फक्त उंट, ओझी आणि लग्नाच्या वरातीसाठी उघडायचं. एरवी त्या मोठ्या दाराच्या फळीतच एक लहान दार असायचं, रोजच्या जाण्यायेण्याचं.

मी म्हटलं, "अगं, दिंडी दरवाजा."

तिनं तो शब्द दोनदा उच्चारला आणि लिहून घेतला. मग विचारलं, "त्यातून आत जाताना वाकावं लागतं ना?"

म्हटलं, "मोठ्या माणसांना लागतं. तुझ्या दोघी चौदा वर्षांच्या आहेत. त्या सरळ जातील."